टीचर, एक विचारू? पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांत मी 32 वर्षं शिकवलं. पालकसभेत सहसा कोणी काही विचारत नाही. मुख्याध्यापक बोलतात, चहा-भजी होतात, वहीवर सह्या होतात. खरे प्रश्न सभा संपल्यावर येतात. व्हरांड्यात चपला शोधताना, नाहीतर बाजारात मासळी घेताना कोणीतरी बाजूला घेऊन म्हणतं, 'टीचर, एक विचारू?' प्रश्न बहुतेक तेच असतात, शब्दसुद्धा तेच. उभ्याउभ्या दिलेली उत्तरं अर्धीच राहायची, ती इथे जरा सविस्तर लिहिली आहेत. मी मानसशास्त्रज्ञ नाही. जे पाहिलं आणि जे चुकत शिकले, तेवढंच सांगते.

घरात याच्या तोंडाला कुलूप नसतं, शाळेत मात्र एक शब्द बोलत नाही. आत्मविश्वास कमी आहे का?

पहिल्या दोन-तीन महिन्यांत असा निष्कर्ष काढू नका. आपल्याकडे मूल घरात कोकणी बोलतं आणि शाळेत पुस्तक मराठी असतं. घरात 'हांव वता', पुस्तकात 'मी जातो'. मोठ्यांना हे अंतर पाऊलभर वाटतं. सहा वर्षांच्या मुलाला वाटतं की आपण बोललो की चूकच होणार, मग ते गप्प बसतं. त्याला शहाणपण म्हणा हवं तर.

माझ्याकडे पहिलीत एक मुलगा होता. जून गेला, जुलै गेला, तोंड उघडेना. मी रोज काहीतरी विचारायचे, तो रोज पायाच्या अंगठ्याकडे बघायचा. शेवटी कंटाळून मी त्याला विचारणं सोडलं आणि मागच्या अंगणातल्या झाडांना पाणी घालायचं काम दिलं. ऑगस्टमध्ये एक दिवस तो धावत वर्गात आला आणि सगळ्यांसमोर ओरडला, 'टीचर, नळ फुटलो! उदक व्हांवता!' (पाणी वाहतंय!) त्याला बोलायचा धीर आला असं मला वाटत नाही. त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि ते दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं, एवढंच. तेव्हापासून गप्प मुलाला मी प्रश्न कमी विचारते, काम आधी देते.

एक गोष्ट मात्र टाळा. मूल शेजारी उभं असताना 'हा फार लाजतो हं' असं पाहुण्यांना सांगू नका. ते ऐकतं आणि तसंच वागायचं ठरवून टाकतं.

आणि मूल घरीही फारसं बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर आधी कान तपासून घ्या.

चांगुलपणाने वागायला शिकवलं तर उद्या लोक याला टोपी घालतील ना?

हा प्रश्न बहुतेक वडील विचारतात, तोही हळू आवाजात. प्रश्न खरा आहे, हसण्यावारी नेऊ नये.

तिसरीत माझ्याकडे एक मुलगी होती. कोणीही मागितलं की देऊन टाकायची. आधी खोडरबर, मग रंगीत पेन्सिली, मग डब्यातलं खाजं. आई मोठ्या अभिमानाने सांगायची, 'आमचं बाय कोणाला नाही म्हणत नाही.' मला त्या मुलीची काळजी वाटत होती. ती देताना हसत नसे, समोरच्याचा चेहरा बघत असे. 'नाही' म्हटलं तर आपल्याला खेळायला घेणार नाहीत, ही भीती त्या देण्यात होती. वरून पाहिलं तर माया आणि भीती सारखीच दिसतात, म्हणून आपण फसतो.

मी तिला एक वाक्य शिकवलं: 'आता नको, माझं झालं की देते.' आठवडाभर आम्ही खोट्याखोट्या खेळात ते म्हणून पाहिलं. मी मुद्दाम रबर मागायचे, ती नाही म्हणायची, वर्ग टाळ्या वाजवायचा. पुढे तिने खरंच एका दांडग्या मुलाला ते ऐकवलं. वस्तू ती त्यानंतरही द्यायची, पण चेहऱ्यावरची ती घाई गेली होती.

नाही म्हणता येत नाही त्या मुलाचं 'हो' कशातून आलं, हे आपल्याला कळणार कसं?

कौतुक किती करावं? आजकाल म्हणे सारखं प्रोत्साहन द्यायचं असतं.

किती यापेक्षा कशाचं, हे बघा. 1998 मध्ये अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या दोघींनी पाचवीच्या मुलांवर काही प्रयोग केले. मुलांना कोडी दिली. ती सोडवल्यावर काही मुलांना 'तू हुशार आहेस' असं सांगितलं, काहींना 'तू मेहनत घेतलीस' असं. पुढचं कोडं निवडायची वेळ आली तेव्हा 'हुशार' ठरलेली मुलं सोप्याकडे जास्त वळली आणि अवघड कोड्यात अडकल्यावर त्यांनी हातही लवकर टेकले. हुशारीचा शिक्का बसला की तो जपावा लागतो ना. यावर पुढे बरंच संशोधन झालं आणि मोठ्या अभ्यासांत असा परिणाम सुरुवातीला वाटला त्याहून बराच लहान दिसला, त्यामुळे एका वाक्याने मूल घडतं किंवा बिघडतं असं समजू नका. वर्गात मला दिसलं ते असं: नुसतं 'शाब्बास' मुलाच्या कानावरून जातं. 'काल ळ काढताना खालचा वळसा सुटत होता, आज सुटला नाही' असं म्हटलं की ते वही परत उघडून बघतं.

घरकाम केलं की चॉकलेट, दहा रुपये असं काही द्यावं का?

नको. यावरही एक प्रयोग आहे, तो मला फार आवडतो. जर्मनीत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी 2006 मध्ये दाखवलं की दीड वर्षाचं मूल, नुकतं चालायला लागलेलं, अनोळखी माणसाची कपड्यांची चिमटी खाली पडली तर आपणहून उचलून देतं. कोणी सांगावं लागत नाही, बक्षीसही लागत नाही. दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: मदतीबद्दल ज्या मुलांना खेळण्याचं बक्षीस दिलं, ती पुढच्या वेळी बक्षीस नसताना मदतीला कमी आली.

म्हणजे मदत करायची ओढ मुलाकडे आधीपासून असते. आपण तिला भाव लावतो आणि मग तक्रार करतो की मुलगा पैशाशिवाय हलत नाही.

डी.एड.ला असताना ताराबाई मोडक हे नाव मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. गिजुभाई बधेकांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर काढलं, ताराबाईंनी तिथे त्यांच्याबरोबर काम केलं, पुढे बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यांवर अंगणातच शाळा भरवली आणि तीच अंगणवाडी, असं पाच गुणांचं उत्तर. बालमंदिरात मुलं झाडतात, पाणी ओततात, वाढतात, हे त्या उत्तरात होतं, पण ते का, हे मला शाळेत दहा वर्षं काढल्यावर समजलं. माध्यान्ह आहाराला पाव-भाजी यायची, ती मी मुलांना वाढायला लावू लागले. पहिल्या दिवशी भाजी सांडली, दुसऱ्या दिवशीही सांडली. आठवड्याने वाढणारा मुलगा रांगेत शेवटच्या मुलाला पुरेल का म्हणून पातेल्यात डोकावून बघत होता. मूल्यशिक्षणाच्या तासाला मी त्याला हे कधीच शिकवू शकले नसते.

मग माया, सहानुभूती यासाठी गोष्टींची कुठली पुस्तकं घ्यावीत?

पुस्तकं घ्याच, मराठी घ्या, झोपताना वाचून दाखवा. पण सकाळी दारात पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो तेव्हा तुम्ही त्याच्याशी कसं बोलता, ते पुस्तकाच्या आधी वाचलं जातं. सायकलवरून आलेल्या माणसाला 'अरे, उंडे दे चार' म्हणायचं की 'दादा, आज उशीर झाला, पावसात सापडलात का?' हे मूल दाराआडून ऐकत असतं. कदंब बसच्या कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून होणारी झटापट, कामाला येणाऱ्या मावशींचा वेगळा कप, हे सगळं त्याच्या पाठ्यक्रमात असतं. आपल्याकडे आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणतात. ते फक्त पाहुण्यांना म्हणायचं असतं असं काही कुठे लिहिलेलं नाही.

मराठी शाळेत घातलं. आता पाचवीला इंग्रजी होणार. मूल मागे पडलं, धीर खचला तर?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे, म्हणून थोडं लांबवते.

1961 साली गोवा मुक्त झाल्यानंतर, पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या काळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, त्यातल्याच एकीत मी शिकले. पुढे 1990 आणि 2011 मध्ये शाळांच्या माध्यमावरून आणि अनुदानावरून गोव्यात जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या वादात मी इथे शिरत नाही. घरच्या भाषेत पाया घालावा, हे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आहे. पण धोरण काहीही म्हणो, आपलं मूल चौथी पास होऊन हायस्कुलात जातं आणि बहुतेक ठिकाणी एका सुट्टीत गणिताची, विज्ञानाची, भूगोलाची भाषा बदलते. काल वर्गात पहिलं येणारं मूल आज मागच्या बाकावर जातं. दिवाळीच्या सुट्टीत अशी मुलं मला भेटायला यायची आणि 'कसं चाललंय?' म्हटलं की विषय बदलायची. एकीने मात्र सरळ सांगितलं, 'टीचर, म्हाका सगळें येता, पूण तें इंग्लिशींत येना.'

तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. अपूर्णांक तिला येत होता, 'डिनॉमिनेटर' हा शब्द येत नव्हता. आणि वर्गात शब्द न येणं आणि गणित न येणं यातला फरक कोणी करत नव्हतं, हळूहळू तीही करेनाशी झाली होती. धीर खचतो तो इथे.

त्यानंतर दरवर्षी चौथीच्या शेवटच्या दोन महिन्यांत मी एक वही करून घेऊ लागले. डाव्या बाजूला आपला शब्द, उजव्या बाजूला हायस्कुलातला: बेरीज, अ‍ॅडिशन, छेद, डिनॉमिनेटर, बाष्पीभवन, इव्हॅपोरेशन, दिशा, डिरेक्शन. दीडशेच्या आसपास शब्द होतात. हे घरीही करता येतं, त्याला ट्यूशन लागत नाही. दुसरं, मुलाला एक वाक्य पक्कं पाठ करून द्या: 'सर, मला नाही कळलं, परत सांगा.' ते मराठीत म्हटलं तरी चालतं, हे त्याला आधीच सांगून ठेवा. आणि तिसरं, जून-जुलैतच वर्गशिक्षकांना भेटून या. मूल मराठी शाळेतून आलंय, दिवाळीपर्यंत सांभाळून घ्या, असं नम्रपणे सांगा. बहुतेक शिक्षक स्वतः त्याच वाटेने आलेले असतात.

घरी मोडकंतोडकं इंग्रजी सुरू करू नका. मूल तुमच्याशी भांडतं, लाडात येतं, खोटं बोलतं ते ज्या भाषेत, तीच घरात राहू द्या. आई एकदम 'कम हिअर, ईट फास्ट' म्हणू लागली की मुलाला पहिली गोष्ट कळते ती ही, की आपली भाषा लाज वाटण्यासारखी आहे.

वर्गात बाहेरच्या मुलांची संख्या वाढली आहे. आमच्या मुलांवर परिणाम होतो का?

होतो. बऱ्याच वर्गांत तो चांगला होतो, पण आधी कठीण गोष्ट बोलू या.

माझ्या वर्गात कन्नड बोलणारी मुलं होती, हिंदी बोलणारी होती. कोणाचे वडील बांधकामावर, कोणाची आई कोणाच्या तरी काजूच्या बागेत कामाला. एक दिवस खेळाच्या तासाला दुसरीतला एक मुलगा म्हणाला, 'तो घाटी, तो नाका.' म्हणजे तो नको. म्हणणारा गोड मुलगा होता, जात्याच मायाळू, मांजराच्या पिल्लाला डब्यातलं दूध देणारा. मी त्याला विचारलं, घाटी म्हणजे काय रे? त्याला माहीत नव्हतं. घरात बाबा रस्त्यावर गाडी आडवी आली की म्हणतात, एवढंच.

मी ओरडले नाही, भाषणही दिलं नाही. नकाशा काढला. सह्याद्रीचा घाट दाखवला, चोर्ला कुठे, अनमोड कुठे, पलीकडचं बेळगाव कुठे. मग विचारलं, कोणाकोणाचे नातेवाईक घाटापलीकडे आहेत? अर्ध्या वर्गाचे हात वर. या मुलाची आत्या बेळगावला दिलेली. तो बराच वेळ नकाशाकडे बघत होता.

त्या आठवड्यात कन्नड मुलाकडून आम्ही एक ते दहा आकडे शिकलो. ओंदु, एरडु, मूरु. शिकवताना त्याचा आवाज आधी अगदी बारीक होता, 'हत्तु'पर्यंत आला तेव्हा व्हरांड्यात ऐकू जात होता. दोन्ही मुलांचं काम एकाच तासात झालं, ही माझी हुशारी नाही, योगायोग होता.

घरी मात्र तुम्हालाच बघावं लागेल. हा शब्द शाळेत तयार होत नाही.

मारायचं नाही तर वळण लावायचं कसं? आम्ही मार खाऊनच मोठे झालो.

मीही मार खाल्ला आणि मीही मारलं आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मुलाने तिसऱ्यांदा गृहपाठ आणला नाही. मी 'हात पुढे कर' म्हटलं आणि फूटपट्टी मारली. तो रडला नाही. मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून पाहिलं तर तो पहिलीतल्या एका बारक्याला म्हणत होता, 'हात पुढे कर.' हातात काठी होती. शब्द माझे, आवाजाचा चढउतारही माझाच. दिलगिरी व्यक्त करायला मी त्याच्या घरी गेले तेव्हा त्याची आई म्हणाली, 'टीचर, आणखी दोन द्या.' मला काय बोलावं कळेना.

कायद्याचं थोडक्यात: शिक्षणहक्क कायदा 2009 चा, लागू 1 एप्रिल 2010 पासून, त्याच्या 17 व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. गोव्याने त्याआधीच, 2003 मध्ये, मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला होता. त्यामुळे 'टीचर, तुम्ही मारा, आमची परवानगी आहे' असं कृपया म्हणू नका. अशी परवानगी देताच येत नाही.

मग करायचं काय? जे बिघडवलं ते दुरुस्त करायला लावायचं. पाणी सांडलं तर पुसायचं. कोणाची वही फाडली तर बसून चिकटवायची. यात वेळ जातो. फूटपट्टीला दोन सेकंद लागतात, म्हणूनच ती सोडवत नाही.

'सॉरी म्हण' असं सांगावं का?

सांगून ते 'सॉरी' म्हणतं आणि पळून जातं. त्यापेक्षा विचारा, 'त्याला आता काय केलं तर बरं वाटेल?' पाच वर्षांचं मूलसुद्धा उत्तर देतं. कधी पाणी आणून देतं, कधी नुसतं जवळ जाऊन बसतं.

मोबाईल?

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं: पहिली दोन वर्षं स्क्रीन नको, 2 ते 4 वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी तितकं बरं. मला त्यात एवढंच घालायचं आहे की जेवताना मोबाईल नको, तुमचाही नको. मूल बोलत नाही अशी तक्रार घेऊन येणारे कितीतरी पालक ती तक्रार करता करता फोन बघत असतात.

मुलाचे बाबा तारवावर आहेत, वर्षातले आठ-नऊ महिने घरी नसतात. ते आले की मूल जवळ जात नाही. काय करावं?

अशी घरं आपल्या गावांत पुष्कळ आहेत. कोणी बोटीवर, कोणी दुबईत, कोणी कतारला. बाबा येतात ते चॉकलेटची बॅग आणि नऊ महिन्यांची साठलेली शिस्त घेऊन. दोन्ही एकदम बाहेर काढू नका. पहिला आठवडा काही शिकवू नका. मुलाला शाळेत सोडा, आणा, त्याची वाट त्याला दाखवू द्या. माझ्या एका विद्यार्थ्याने बाबांना बालरथाच्या (शाळेच्या बसच्या) थांब्यापासून घरापर्यंतची सगळी कुत्री नावासकट ओळखवून दिली होती. त्या आठवड्यात घरातला जाणता माणूस तो होता.

बाबा लांब असताना व्हिडिओ कॉलवर 'अभ्यास केलास का?' याऐवजी त्यांनीच आपल्याकडची एक बारीकशी गोष्ट सांगावी. आज जेवायला काय होतं, समुद्र कसा होता. मूल मग आपली सांगतं.

घरात पैशाची अडचण आहे. मुलांपासून लपवावी का?

2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या भागातल्या अंगणाअंगणांत ट्रक उभे राहिले. हप्ते चालू, काम बंद. मुलांना कोणी काही सांगितलं नाही, कारण मुलांना काय कळतंय. तिसरीतल्या एका मुलीने 'माझे घर' या निबंधात लिहिलं की आमचा ट्रक आजारी आहे आणि बाबा रात्री त्याच्याजवळ बसतात. विचारलं तर म्हणाली, 'आमचो ट्रक दुयेंत आसा. हांवें ताका दगड मारिल्लो.' तिने खेळताना कधीतरी ट्रकला दगड मारला होता, म्हणून तो बंद पडला, असा तिने हिशेब लावला होता. सहा महिने ते ओझं घेऊन ती शाळेत येत होती.

सांगा. आकडे सांगायची गरज नाही. 'बाबांचं काम सध्या थांबलंय, खर्च कमी करायचा आहे, यात तुझी काही चूक नाही.' शेवटचं वाक्य आपण सांगायला विसरतो.

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत मुलांचा अभ्यास बुडतो, दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे जाळायला रात्रभर जागतात. यातून मिळतं काय?

नरकासुराचं आधी सांगते. बारा वाजल्यानंतरचे ते कर्णे, त्या स्पर्धा, बक्षिसांची रक्कम, यातलं काही मला पटत नाही, आणि सात वर्षांच्या मुलाने पहाटे चारपर्यंत जागण्यात संस्कृती नाही. पण त्याआधीचे पंधरा दिवस बघा. वाड्यावरची मुलं बांबू चिरतात, गवत भरतात, कागद चिकटवतात. दहावीतला मुलगा तिसरीतल्याला खळ कशी शिजवायची ते दाखवतो. शाळेत आम्ही मुलांना वयानुसार खोल्यांत कोंडून ठेवतो, त्यांना एकमेकांकडून शिकायची सोय राहत नाही. वाड्यावर ती असते.

चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली रानफळांची आरास, तर मला पूर्ण शाळा वाटते. रानात जाऊन कवंडळं, घागऱ्या, आंबाडे शोधायचे, तोरिंग कोणाच्या परसात आहे ते ठाऊक असायला हवं, मागायला जायला हवं, तेही नीट बोलून. सुपारीचा शिपटो (घड) वर चढवताना खालून धरणारे हात लागतात. 'हे काढलंस तर पुढच्या वर्षी येणार नाही, मुळासकट उपटू नको' हे आजोबा एकदा सांगतात, ते कायम राहतं. आता माटोळीचं सामान बाजारात वाटा करून मिळतं, मीही आणते, गुडघे दुखतात. पण घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर निदान दोन वस्तू त्याला शोधून आणू द्या, आणि पाहुण्यांना 'हे आमच्या बाबूने आणलं' असं सांगताना ते ऐकेल असं बघा.

स्टेजवर गेलं की रडतं. नाटकात, फॅन्सी ड्रेसमध्ये घालावं का?

फॅन्सी ड्रेस मला आवडत नाही. चार वर्षांच्या मुलाला झाशीची राणी करून एकटं माईकसमोर सोडायचं आणि मग धीट व्हावं म्हणायचं. गावच्या जत्रेचं नाटक मात्र वेगळं. आपल्याकडे देवळासमोर दरवर्षी मराठी नाटक होतं, पोस्टमन राजा असतो, रेशन दुकानदार खलनायक. मुलाला तालमीला घेऊन जा. आधी ते पडदा ओढेल, मग तलवारी मोजेल, एखाद्या वर्षी 'महाराज, निरोप आला आहे' एवढं म्हणून पळून येईल. दशावतारी काल्यात संकासुर दिसला की आईच्या पदरात तोंड लपवणारी मुलं तीन वर्षांनी त्याच संकासुराचं सामान उचलताना मी पाहिली आहेत. भजनाचंही तसंच. टाळ देऊन मोठ्यांच्या रांगेत बसवा. चुकीचा ठेका ऐकू येत नाही, बरोबरचा हळूहळू लागतो.

आजी-आजोबा फार लाडावतात.

लाडावू द्या. मुलाला एक तरी कोर्ट असं हवं जिथे अपील मंजूर होतं.

मुलाला तज्ज्ञांकडे कधी न्यावं?

जे मूल आधी खेळायचं, हसायचं, ते काही आठवडे एकाएकी गप्प झालं, झोप-जेवण बिघडलं, एखाद्या माणसाकडे किंवा जागी जायला घाबरू लागलं, स्वतःला इजा करू लागलं, तर थांबू नका. डॉक्टरांकडे जा, शाळेतल्या समुपदेशकांशी बोला. मुलावर कोणी अत्याचार करत असल्याची शंका आली तर 1098 हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक आहे. 'लोक काय म्हणतील' हा विचार त्या वेळी दाराबाहेर ठेवा.

टीचर, राग मानू नका, पण तुमची स्वतःची मुलं कशी निघाली?

हे विचारायला धीर लागतो, म्हणून उत्तर देते. दोन आहेत. मोठा पुण्यात असतो, रविवारी फोन करतो, विसरला तर मी करते. धाकटी अजून चारचौघांत गप्प असते, नळ फुटला तरच बोलेल अशातली. गेल्या चवथीला ती घरी आली होती आणि सकाळी पोदेराला दहा रुपयांच्या सुट्ट्यावरून चांगलीच तोडून बोलली. मी 'अगं' म्हटलं. ती म्हणाली, 'आई, शाळेतून आल्यावर तू आमच्याशी असंच बोलायचीस.'

खरं आहे. दिवसभर तीस मुलांशी गोड बोलून घरी पोचेपर्यंत माझ्याकडचं गोड संपलेलं असायचं. संध्याकाळी पोदेर परत आला तेव्हा उंडे घ्यायला मी गेले नाही, तिलाच पाठवलं.